नागपूर लिस्बनला लागतं

श्यामराव : …थोडक्यात सांगायचं तर, केळुस्कर, माणसाच्या हातून पूर्णपणे निर्दोष अशी वस्तू या शतकात एकच घडली, आणि ती आत्ता तुमच्यासमोर या तिवईवर आहे. विल्बरफोन सुप्रीम. पाच व्हॉल्व्ह, अक्रोडाचं लाकूड, आणि आवाज असा की— अहो! अहो, हात लावू नका! आधी खडावा घाला.

दत्तात्रय : खडावा?

कालिंदी : तिवईखाली बघा. डावीचा खुंटा हलतो, जरा जपून.

दत्तात्रय : रेडिओला हात लावायला खडावा कशाला, काकू?

कालिंदी : झटका बसतो म्हणून.

श्यामराव : झटका नव्हे. हलकासा प्रतिसाद. मेलेल्या वस्तूला हात लावला तर ती गप्प बसते. विल्बरफोन गप्प बसत नाही.

कालिंदी : मागच्या दिवाळीला आमच्या वन्सं आल्या होत्या अमरावतीहून. त्यांना असा हलकासा प्रतिसाद दिला की भाऊबीजेचं तबक थेट मोरीपर्यंत गेलं. ओवाळणं राहिलंच.

श्यामराव : शकूचे हात ओले होते. त्याला विल्बरफोन काय करणार?

दत्तात्रय : काका, मी तेच तर बोलायला आलो. खाली हातगाडीवाला उभा आहे. माझं दोन मिनिटं ऐकून घ्या.

कालिंदी : हातगाडी? ती कशाला?

दत्तात्रय : त्याच्यावर नवीन सेट आहे, काकू. कंपनीने पाठवला. फुकट. हा जुना मी परत घेऊन जाणार.

श्यामराव : परत? कुठे परत?

दत्तात्रय : गोदामात. काका, तुम्ही मला ओळखता, मंडळाच्या गणपतीत तुमच्या पंक्तीत मीच वाढत होतो. आमचे साहेब म्हणाले, मराठी माणसाकडे मराठी माणूस पाठवा, तो चिडणार नाही. तर ऐका. सुप्रीम मॉडेलात दोष निघाला. कंपनीने स्वतः मान्य केलं. सगळे सुप्रीम परत बोलावले.

श्यामराव : कंपनी काय वाटेल ते मान्य करील. कंपनीला विल्बरफोनमधलं काय कळतं?

दत्तात्रय : काका, कंपनीनेच बनवला ना तो!

श्यामराव : बनवला असेल. वापरला आहे का पाच वर्षं?

कालिंदी : तुम्ही बसा हो केळुस्कर. हे लांबणार. चहा टाकते.

दत्तात्रय : नको काकू, मी आत्ताच चहा खाऊन निघालो.

कालिंदी : पिऊन.

दत्तात्रय : हो, पिऊन. हावड्याला जन्म गेला, जीभ बंगाली झाली. आई अजून ओरडते.

श्यामराव : ते राहू द्या. दोष कोणता, ते सांगा. मी नकाशा खात्यातला माणूस आहे. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतोय. सुंदरबनात एक खाडी अर्धा इंच डावीकडे काढली होती एका गोऱ्या साहेबाने, ती मी पकडली. या यंत्रात दोष असता तर मला दिसला नसता?

दत्तात्रय : बरं. मग याचं बटण कुठे आहे, काका?

श्यामराव : मागच्या बाजूला.

दत्तात्रय : भिंतीकडे.

श्यामराव : अर्थात. देवळाची घंटा रस्त्यावर टांगत नाहीत. पुढे बटण असलं की येणारा-जाणारा फिरवतो. इथे तिवई पुढे ओढायची, हात मागे घालायचा, मनात मोजायचं आणि फिरवायचं. ऐकण्याआधी माणूस जरा गंभीर होतो.

कालिंदी : तिवई ओढून ओढून फरशीला चर पडलाय. घरमालक म्हणतो, तुमच्याकडे घाणा आहे का.

दत्तात्रय : आणि ही काच? हिच्यावर गावांची नावं आहेत, सुई फिरते. नागपूर लावायचं तर सुई कुठे ठेवता?

श्यामराव : लिस्बनवर.

दत्तात्रय : लिस्बन!

श्यामराव : लिस्बनच्या किंचित पश्चिमेला. मुंबई व्हिएन्नाला लागते. दिल्ली बुडापेस्टला. ढाका मात्र बरोबर ढाक्यालाच होतं, पण त्या जागी आता काही लागत नाही.

दत्तात्रय : तुम्ही नकाशे तपासता, काका.

श्यामराव : म्हणूनच सांगतो. नकाशा आणि जमीन यांत फरक पडला तर शहाणा माणूस दुरुस्तीचा कागद जोडतो, जमीन परत पाठवत नाही. हा पाहा मी केलेला तक्ता. छप्पन्न ठाणी, रंगीत शाई. कार्यालयात दाखवला तर आमचे साहेब म्हणाले, श्यामराव, हा तर वेगळाच युरोप आहे.

कालिंदी : आणि दोन पापड.

दत्तात्रय : काय काकू?

कालिंदी : रेडिओवर पापड ठेवलेत ना, त्यातले दोन तुमच्यासाठी काढते. छान कुरकुरीत असतात. तळावे लागत नाहीत.

दत्तात्रय : एवढं तापतं? बाप रे. खरंच भाजलेत.

श्यामराव : इकडच्या दमट हवेत मीठ चिकटतं, काडेपेटी पेटत नाही, माणसाच्या मनालासुद्धा बुरशी येते. अशा गावात घरामध्ये एक कोरडी जागा दिली कंपनीने. त्याचे पैसेसुद्धा वेगळे घेतले नाहीत. मी तसं पत्र लिहिलं होतं.

दत्तात्रय : ठाऊक आहे. आमच्याकडे तक्रारी दोनशे आल्या. आणि पाठ थोपटणारी पत्रं तेरा.

श्यामराव : फक्त तेरा?

दत्तात्रय : तेराही तुमची, काका.

कालिंदी : पोस्टाची तिकिटं कुठे जातात ते आज कळलं.

दत्तात्रय : साहेबांनी पहिली सहा भिंतीवर लावली होती. पण मागच्या महिन्यात तुमचं तेरावं आलं. ते वाचून साहेब खुर्चीतून उठले, पंखा बंद केला आणि विलायतेला तार केली.

श्यामराव : इतकं आवडलं?

दत्तात्रय : तुम्ही लिहिलं होतं की माझी बायको पाच वर्षं रोज संध्याकाळी मागच्या गॅलरीत या रेडिओची तार हातात धरून उभी राहते, आणि तेव्हापासून तिला एकदाही पडसं झालं नाही.

श्यामराव : मग? खोटं आहे?

दत्तात्रय : काका! ज्या यंत्राला हात लावायला खडावा लागतात, त्याची तार तुम्ही काकूंच्या हातात देता? आमच्याकडे तोपर्यंत कुणाला माहीतच नव्हतं की माणसं असं करतात. विलायतेच्या इंजिनिअरांनी तुमचं पत्र वाचून पेटी उघडली आणि दोष सापडला. सगळ्या हिंदुस्थानातले सुप्रीम तुमच्या पत्रामुळे परत चाललेत!

कालिंदी : बघा. निदान एक पत्र तरी कुणीतरी नीट वाचलं.

श्यामराव : हा… हा माझ्या शब्दांचा विपर्यास आहे.

दत्तात्रय : तार खिळ्याला का नाही बांधत, काकू?

कालिंदी : बांधली होती. खिळ्याला बांधली, छत्रीला बांधली, तुळशीच्या कुंडीला बांधली. नुसती खरखर. तार जिवंत माणसाने धरायला लागते. उजवा हात वर, डावा गॅलरीच्या गजावर, आणि अनवाणी. जरा हलले की आतून ओरडा येतो, "नागपूर गेलं!"

श्यामराव : ओरडा नव्हे. सूचना.

कालिंदी : समोरच्या मित्तिरांच्या सुनेने वर्षभर पाहिलं म्हणे. संध्याकाळ झाली की यजमान खडावा घालून कापडाने झाकलेल्या पेटीपुढे वाकतात, आणि बाई मागे एक हात वर करून ताटकळत उभी. तिला वाटलं, मराठी लोकांचं कडक व्रत आहे. अक्षय्य तृतीयेला मला संदेश मिठाईची थाळी घेऊन आली, आणि म्हणते कशी, दीदी, उद्यापन कधी?

दत्तात्रय : मग तुम्ही काय सांगितलं?

कालिंदी : संदेश ठेवून घेतले. उद्यापनाचं यांना विचारा म्हटलं.

श्यामराव : केळुस्कर, हिच्या तक्रारीकडे लक्ष देऊ नका. तार धरणं हे गुणाचं काम आहे. मी स्वतः धरून पाहिलं, माझ्या हाताला लागत नाही. हिच्या अंगातच काहीतरी आहे.

कालिंदी : केव्हा धरून पाहिलंत?

श्यामराव : एकावन्न साली.

कालिंदी : किती वेळ?

श्यामराव : ते आता नेमकं… अर्धा मिनिट असेल. मग मानेला डास चावला.

कालिंदी : मी तेव्हा डासांचं म्हटलं तर मला काय म्हणाला होतात? "डास चावला म्हणून सैनिक ठाणं सोडून येत नाही."

दत्तात्रय : काका, किती वाजले बघा. हा कागद आहे. इंग्रजीत लिहिलंय, "माझ्या सेटमध्ये दोष आहे, तो मी परत करतो." इथे खाली सही करा. मी नवीन वर आणतो, जोडून देतो. त्याला तार लागत नाही, खडावा लागत नाहीत, बटण पुढे आहे.

श्यामराव : आणि नागपूर?

दत्तात्रय : नागपूर नागपूरला.

श्यामराव : मग त्यात ऐकणाऱ्याचं काय कर्तृत्व राहिलं?

कालिंदी : सही करा.

श्यामराव : खोट्या कागदावर? दोष नाही आणि दोष आहे म्हणून लिहून देऊ?

कालिंदी : सातला दहा कमी आहेत. सव्वासातला हेमा आहे.

दत्तात्रय : हेमा कोण?

कालिंदी : आमची मुलगी. नागपूरला दिलीय. तिथल्या रेडिओवर गाते. आज तिसरं गाणं. सव्वासात ते सात पंचवीस.

दत्तात्रय : अरे वा! मग आधीची दोन ऐकली असतील तुम्ही.

कालिंदी : नाही.

दत्तात्रय : का?

कालिंदी : कोण धरणार तार? गॅलरीत काय ऐकू येतं? खाली ट्रामची घंटा, मित्तिरांच्या घरी शंख, आणि हातात मुंग्या. पोटची पोर दहा मिनिटं गात होती आणि मी तिच्याकडे पाठ करून भिंतीवरची पाल बघत होते. दोन्ही वेळा.

श्यामराव : मी तुला सगळं सांगितलं होतं की नंतर.

कालिंदी : काय सांगितलंत? पहिल्या वेळी "छान झालं". दुसऱ्या वेळी "स्वच्छ आलं". एवढंच. मग तिचं पत्र आलं, "आई, दुसऱ्या कडव्यातली ती जागा कशी वाटली? तुझ्यासाठी घेतली होती. तू ओव्या म्हणताना घ्यायचीस तशी." मी यांना विचारलं, कुठली हो जागा? तर म्हणतात, "जागा म्हणजे? लिस्बनच्या किंचित पश्चिमेला."

दत्तात्रय : मग काकू, तुम्ही काय लिहिलं तिला?

कालिंदी : काय लिहिणार? पापड पाठवतेय म्हणून लिहिलं.

श्यामराव : हे बघ, आपण भावनेच्या भरात…

कालिंदी : मी कुठे भरात आहे? मी खुर्चीत आहे. आणि आता सांगते ते दोघंही ऐका. तुम्ही सही करायची तर करा, नाहीतर तुमचा तो छप्पन्न ठाण्यांचा तक्ता वाचत बसा. मी आज तार धरणार नाही.

श्यामराव : म्हणजे? मग हेमा?

कालिंदी : हेमा गाईल. तिला कुठे तार लागते?

श्यामराव : पण कुणालाच ऐकू येणार नाही!

कालिंदी : मला सवय आहे. तुम्हालाही एकदा कळू दे.

श्यामराव : केळुस्कर, तुम्ही तरुण आहात. दहा मिनिटं जरा गॅलरीत…

दत्तात्रय : काका, मी धरली असती. पण नवीन नियम आलाय. चालू सुप्रीमला कंपनीच्या माणसाने हात लावायचा नाही.

श्यामराव : स्वतःच्या यंत्राला भिणारी कंपनी! याच कंपनीला मी पत्रं लिहीत होतो!

दत्तात्रय : सही करून टाका ना, काका. मी धावत जाऊन आणतो. सात वाजले.

श्यामराव : थांबा. मला विचार करू द्या. एकोणीसशे पन्नास साली धरमतल्ल्याच्या दुकानात मी हा पाहिला. दुकानदाराने आणखी तीन कंपन्यांचे दाखवले. ते स्वस्त होते. लगेच लागत होते. आमचे सगळे सहकारी तसलेच घेऊन गेले. मी म्हटलं, मी हाच घेणार. घरी आणला, लावला, नुसती खरखर. सगळं कार्यालय विचारायला लागलं, कसा आहे हो श्यामराव? मी म्हटलं, उत्तम. एकदा उत्तम म्हटल्यावर मग केळुस्कर… मग माणसाला ते रोज उत्तम करावं लागतं.

कालिंदी : हे पाच वर्षांत कधी बोलला नाहीत.

श्यामराव : तू बाहेर गॅलरीत असायचीस.

दत्तात्रय : सात वाजून पाच.

श्यामराव : सही होणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. केळुस्कर, ती तिवई पुढे ओढू लागा, तिवईला झटका बसत नाही. बरं. खडावा. हात मागे. एक, दोन… लागला. सुई लिस्बनवर आणतो. कालिंदी, तू इकडे ये. या खुर्चीत नको, ती लांब आहे. इथे, पेटीपाशी बस.

कालिंदी : आणि तुम्ही?

श्यामराव : मी गॅलरीत चाललो.

दत्तात्रय : काका! काका, खडावा काढून जा. खडावा घालून धरलीत तर काही लागणार नाही.

श्यामराव : काढून? म्हणजे पायात काहीच नको? केळुस्कर, तुम्ही कंपनीचे आहात, खरं सांगा. काही होईल का?

दत्तात्रय : हात कोरडे आहेत ना? मुंग्या येतील. जास्त काही नाही.

श्यामराव : जास्त म्हणजे किती?

कालिंदी : पडसं होणार नाही, एवढं नक्की.

(गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज. इथून पुढे श्यामरावांचं बोलणं बाहेरून येतं.)

श्यामराव : धरली! हं… हां! अगं, हे तर चांगलंच झिणझिणतं! हे रोज असंच असतं?

कालिंदी : रोज हलकासा प्रतिसाद असतो. उजवा हात अजून वर घ्या. डावा गजावर.

श्यामराव : घेतला. येतंय का काही?

कालिंदी : खरखर. वर. अजून वर. बोटांवर उभे राहा.

श्यामराव : माझं वय छप्पन्न आहे!

कालिंदी : माझं पन्नास आहे. वर.

दत्तात्रय : आलं! काकू, आलं! किती साफ! तुम्ही तर म्हणाला होतात, काकांच्या हाताला लागत नाही.

कालिंदी : मी नव्हते म्हणाले. शू… नाव सांगतायत.

दत्तात्रय : हेमा वझलवार. हीच ना तुमची?

कालिंदी : हीच. बसा हो. बोलू नका.

श्यामराव : लागलं का नागपूर? स्वच्छ आहे का? मध्येच विमानवाले बोलत नाहीत ना? डमडमवाले मंगळवारी फार बोलतात. कालिंदी! इथे काहीच ऐकू येत नाही गं!

दत्तात्रय : काकूंनी हात केलाय, काका, गप्प राहा म्हणून.

श्यामराव : गाणं कुठलं आहे, तेवढं तरी सांगा!

दत्तात्रय : मला मराठी गाणी समजत नाहीत, काका. पण काकू… काकू रडतायत.

श्यामराव : आवाज फाटतोय का? दोन नंबरचा व्हॉल्व्ह तापला की फाटतो!

दत्तात्रय : नाही काका. रेडिओ चांगला आहे.

श्यामराव : मी काय सांगत होतो! लिहून घ्या! कंपनीला कळवा!

दत्तात्रय : आता दुसरं कडवं चालू झालं वाटतं. काकू पुढे सरकल्या. काकू, पेटीला हात लावू नका… कान जवळ नेला नुसता. काकू? काय झालं?

कालिंदी : घेतली. तीच. थेट माझ्यासारखी. जरा वर चढून थांबली आणि हळूच उतरली.

दत्तात्रय : काका! जागा घेतली म्हणतात!

श्यामराव : कुणाची?

दत्तात्रय : ते मला माहीत नाही, पण काकू हसतायत आता. काका, मी गॅलरीत येऊ का कागद घेऊन? सही आत्ताच करून टाकाल?

श्यामराव : हात मोकळा नाही, केळुस्कर. दोन्ही अडकलेत. तुम्हीच वाचा तो कागद पुन्हा. सावकाश. काय लिहिलंय, "माझ्या सेटमध्ये दोष आहे"?

दत्तात्रय : हो. "माझ्या सेटमध्ये दोष आहे."

श्यामराव : "सेटमध्ये" हा शब्द खोडा. बाकीच्यावर गाणं झाल्यावर बघू.

दत्तात्रय : मग वाक्य राहतच नाही, काका.

श्यामराव : राहील तेवढं राहू द्या. कालिंदी!

कालिंदी : शू! शेवटची ओळ आहे.

श्यामराव : होऊ दे, होऊ दे. सगळं होऊ दे, मी हलत नाही. घाई काही नाही. फक्त संपलं की जरा इकडे ये. मानेवर डास बसलाय, तेवढा मार.